यादीवाले बर्डिक

१९१० सालचा उन्हाळा. न्यूयॉर्क राज्यात, सिराक्यूज शहराच्या उत्तरेला सेंट्रल स्क्वेअर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका दुकानाच्या पायरीपाशी तुम्ही उभे आहात. आतून तंबाखूचा वास येतोय, बाहेर पोरांचं टोळकं घुटमळतंय. सिगारेटचं पाकीट फोडत कोणी बाहेर पडलं, की पोरं त्याला घेरतात. ‘मिस्टर, कार्ड देता का?’ तो सिगारेट ओठांत धरतो, पाकिटातला पुठ्ठ्याचा तुकडा काढतो आणि समोर आलेल्या पहिल्या हातावर ठेवून चालू लागतो.

तो तुकडा जरा जवळून बघा. सुमारे पावणेचार सेंटिमीटर रुंद, पावणेसात सेंटिमीटर उंच. चारी बाजूंनी पांढरी कड, मध्ये शिळाछापावर रंगीत छापलेला बेसबॉलपटू, खाली तपकिरी शाईत त्याचं आडनाव आणि संघाचं शहर. उलटून पाहिलंत तर पिडमाँट किंवा स्वीट कॅपोरल अशा एखाद्या सिगारेटची जाहिरात. अमेरिकन टोबॅको कंपनी १९०९ ते १९११ अशी तीन वर्षं ही चित्रं वाटत होती. पूर्ण सेट ५२४ कार्डांचा. ज्याचा बाप अधूनमधून ब्रँड बदलतो, त्या पोराची चैन. आपल्याकडे बबलगमच्या वेष्टनातल्या क्रिकेटपटूंसाठी ज्यांनी आईकडे पैशांचा हट्ट धरला, त्यांना ही चैन वेगळी समजावून सांगायला नको.

या कार्डांचं मूळ तसं फारच रुक्ष आहे. १८८० च्या दशकात सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतला माल दबून मोडू नये म्हणून मध्ये एक ताठ पुठ्ठा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा म्हणून त्यावर नट्या छापल्या, पक्षी छापले, राजे छापले, आणि बेसबॉलचं वेड वाढत होतं म्हणून खेळाडूही छापले. सिगारेट संपली की पुठ्ठ्याचं काम संपलं. उरली ती पोरांची मालमत्ता, आणि पोरं मोठी झाली की आयांच्या हातची रद्दी.

या गावात दहा वर्षांचा एक मुलगा आहे, जेफरसन बर्डिक. तोही कार्डं जमवतो. त्यात नवल काही नाही, सगळीच पोरं जमवतात. फरक एवढाच की हा मुलगा थांबणार नाही.

वीसेक वर्षं पुढं या. १९३० चं दशक, सिराक्यूज, मंदीचा काळ. क्राउस-हाइंड्स नावाचा विजेच्या सामानाचा कारखाना इथं आहे. शहरातले वाहतूक दिवेही तोच बनवतो. बर्डिक तिथं सुटे भाग जोडायच्या कामावर आहेत. सिराक्यूज विद्यापीठातून १९२२ मध्ये पदवी घेतलेला माणूस, पण नोकरी ही अशी. लग्न केलेलं नाही. ऐन तिशीत संधिवातानं गाठलंय. दिवसभर बारीक भाग हाताळून आखडलेली बोटं संध्याकाळी खोलीवर आल्यावर पुन्हा कामाला लागतात, कारण टेबलावर टपाल येऊन पडलेलं असतं.

त्यातलं एखादं पत्र त्यांच्या खांद्यावरून वाचता आलं, तर या छंदाचं खरं दुखणं तुमच्या लक्षात येईल. दूरच्या शहरातला कोणी विचारतोय, ‘माझ्याकडे पांढऱ्या कडेची बेसबॉलची कार्डं आहेत, सिगारेटमध्ये येत ती. तुमच्याकडे सोनेरी कडेची असतील तर अदलाबदल करू.’ पण कुठली पांढरी कड? पांढऱ्या कडेचे सेट कितीतरी. सेटमध्ये एकूण किती कार्डं, कोणी काढली, कोणत्या वर्षी, कशालाच पत्ता नाही. कंपन्यांनी कार्डं छापली, वाटली आणि विसरल्या. नोंद ठेवायची गरज त्यांना कधी पडली नाही. देशभर विखुरलेल्या मूठभर छंदिष्टांना एकमेकांशी बोलायला समान शब्दच नव्हते.

बर्डिकांनी ते शब्द तयार केले. १९३७ मध्ये त्यांनी कार्ड जमवणाऱ्यांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं. कोणाकडे कुठला सेट आहे, त्यात कोणती कार्डं आहेत, हे वाचक कळवत आणि बर्डिक नोंदवून घेत. त्यातून १९३९ मध्ये पहिला कॅटलॉग निघाला. १९४६ मध्ये तो वाढून ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ झाला. पुढं १९५३ आणि १९६० मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. पेनसिल्व्हेनियातले चार्ल्स ब्रे, टॉप्स कंपनीत काम करणारे वुडी गेलमन यांच्यासारख्या छंदबंधूंनी त्यात हातभार लावला.

पद्धत अगदी सोपी. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘एन’ अक्षर, विसाव्या शतकातल्यांना ‘टी’. जुन्या गोळ्या-चॉकलेटांबरोबर आलेल्यांना ‘ई’, अलीकडच्या गोळ्या आणि च्युइंगगमच्या कार्डांना ‘आर’. बेकरीवाल्यांना ‘डी’. अक्षरापुढं सेटचा क्रमांक. ओल्ड जज सिगारेटची १८८० च्या दशकातली कार्डं झाली एन-१७२. गाउडी कंपनीची १९३३ ची च्युइंगगमची कार्डं आर-३१९. सोनेरी कडेची टी-२०५. आणि सेंट्रल स्क्वेअरच्या पायरीवर तुम्ही पाहिलेली ती पांढऱ्या कडेची, टी-२०६.

आज अमेरिकेत कुठल्याही जुन्या कार्डांच्या मेळ्यात जा, लोक ‘टी टू-ओ-सिक्स’ म्हणतात आणि समोरच्याला सगळं कळतं. कंपनीनं त्या सेटला काही नाव दिलंच नव्हतं. हा आकडा सिराक्यूजच्या खोलीतून निघाला.

आता तुमच्या मनात एक चुळबुळ सुरू झाली असेल. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. टी-२०६ मध्ये पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड आहे. नारिंगी पार्श्वभूमी, छातीवर शहराचं नाव, तेही शेवटच्या ‘एच’ शिवाय, कारण त्या वर्षांत शहराचं सरकारी स्पेलिंगच तसं होतं. वॅग्नरनं ते कार्ड थांबवायला लावलं. पोरांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं काही सांगतात. पैसे न मिळाल्यामुळं, असं दुसरे म्हणतात. थोडीच कार्डं बाहेर पडली. बर्डिकांच्या कॅटलॉगमध्ये त्याला ५० डॉलर किंमत लागली आणि तेव्हा तीच डोळे विस्फारणारी होती. २०२२ मध्ये त्यातलं एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. वाटतं, या माणसाच्या कानात सांगावं की साहेब, जपून ठेवा, नशीब पालटेल.

सांगून उपयोग नाही. बर्डिकांनी काय केलं ते बघायला १९४७ मध्ये या. त्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला पत्र लिहिलं आणि आपला सगळा संग्रह देऊ केला. छापील चित्रांच्या विभागाचे प्रमुख होते ए. हायट मेयर. ड्यूरर आणि रेम्ब्रांटची मुद्राचित्रं ज्यांच्या ताब्यात, त्यांना सिगारेटच्या पाकिटातली कार्डं कोणी देऊ करावी आणि त्यांनी ती घ्यावी, हे त्या काळी सोपं नव्हतं. मेयरनी घेतली. सामान्य माणसाच्या हाती रोज पडणारा छापील कागदही मुद्रणाच्या इतिहासाचा भाग आहे, हे त्यांना दिसत होतं. अट एकच. संग्रह लावून द्यायचा, आणि तो बर्डिकांनीच लावायचा. खोकी येऊ लागली. एकूण तीन लाखांहून जास्त वस्तू. त्यांत बेसबॉलची कार्डं तीसेक हजार. बाकी जाहिरातींची कार्डं, पोस्टकार्डं, व्हॅलेंटाइनची शुभेच्छापत्रं, सिगारवरच्या कागदी पट्ट्या, कागदी बाहुल्या.

नोकरी सुटल्यावर बर्डिक न्यूयॉर्क शहरात येऊन राहिले ते याच कामासाठी. १९६० च्या आसपास विभागाच्या कोपऱ्यातल्या एका टेबलापाशी तुम्ही अलगद उभे राहा. कृश, वाकलेला माणूस. अंगातला कोट काढायलाही त्यांना कष्ट पडतात. सांधे धरलेले, बोटं वाकडी झालेली. समोर आल्बमचं उघडं पान, बाजूला कार्डांची चळत आणि डिंक. एक कार्ड उचलायचं, मागं डिंक लावायचा, पानावर सरळ ओळीत बसवायचं, दाबायचं. पुढचं उचलायचं. निरोगी हाताला चार-पाच सेकंदांचं काम. त्यांच्या हाताला किती वेळ लागतो ते तुम्हीच उभे राहून बघा, आणि तीन लाख हा आकडा आठवा.

डिंकाचं नाव ऐकून आजचा संग्राहक कपाळावर हात मारेल. आज कार्ड पारदर्शक डबीत सीलबंद होतं, कोपरा जरासा घासला तरी हजारो डॉलर उतरतात, आणि मागच्या बाजूला डिंक म्हणजे वाटोळंच. बर्डिकांना विक्री करायचीच नव्हती. वॅग्नरही त्याच संग्रहात आला आणि आपल्या सेटमध्ये, आपल्या क्रमांकाखाली बसला. दुर्मीळ म्हणून वेगळा पाट नाही. बेसबॉलचेही ते काही मोठे शौकीन नव्हते. मोठ्या लीगचा सामना त्यांनी कधी मैदानात जाऊन पाहिल्याची नोंद नाही, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. त्यांचं प्रेम छापील कागदावर होतं. लहानपणी हाती आलेली वस्तू नीट ओळखता आली पाहिजे, तिच्या भावंडांत लागली पाहिजे, एवढाच ध्यास.

१० जानेवारी १९६३, गुरुवार. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. शेवटचं कार्ड चिकटवून झालंय. बर्डिक उठतात, कसाबसा कोट चढवतात आणि सहज म्हणावं तसं सांगतात की मी आता यायचो नाही. दुसऱ्याच दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले.

तुम्ही मात्र आणखी थोडे दिवस न्यूयॉर्कमध्ये थांबा. ७ फेब्रुवारीला याच म्युझियममध्ये मोनालिसा आली. बाहेर रांगा लागल्या, महिनाभरात दहा लाखांवर माणसं पाहून गेली. मार्चच्या सुरुवातीला ते प्रदर्शन संपलं. १३ मार्चला बर्डिक गेले. डिसेंबरपासून शहरात छापखान्याच्या कामगारांचा संप होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ त्या दिवशी निघालाच नाही. आयुष्यभर छापील कागदाची चाकरी केलेला माणूस गेला, तेव्हा शहरातलं एक मोठं वर्तमानपत्र बंद होतं.

त्यांना निरोप दिला तो त्यांच्या छंदबंधूंनी. सेंट्रल स्क्वेअरला त्यांच्या थडग्यावर एक ओळ कोरली आहे, सर्व काळातल्या थोर कार्डसंग्राहकांपैकी एक, अशा अर्थाची. बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणारी ‘सॅबर’ ही संस्था कार्डांच्या क्षेत्रातल्या योगदानासाठी आता त्यांच्या नावानं पुरस्कार देते. संग्रह म्युझियममध्ये आहे, त्यातला थोडा थोडा भाग आलटून पालटून भिंतीवर लागतो. बघायला जाणाऱ्यांत खेळाचे वेडे असतात, मुद्रणाचे अभ्यासक असतात आणि आजीच्या पेटीत असलंच काही पाहिलेली माणसंही.

जमवणारे पुष्कळ होते. बर्डिकांपेक्षा श्रीमंत होते, त्यांच्यापेक्षा दुर्मीळ माल असलेलेही असतील. त्यांच्या मागं माल विखुरला, विकला गेला, रद्दीत गेला. बर्डिकांचं वेगळेपण दोन गोष्टींत. त्यांनी यादी केली, आणि ती सगळ्यांची होऊ दिली. आणि संग्रह कुणाला द्यायचा ते जिवंतपणी, हात चालत असताना ठरवलं. आज लिलावात लाखो डॉलरची बोली लागते तेव्हा निवेदक आधी बर्डिकांचंच अक्षर आणि बर्डिकांचाच आकडा उच्चारतो, कारण वस्तू ओळखता आल्याशिवाय तिची किंमत लागत नाही.

आता परत या आणि घरातलं कपाट उघडा. काडेपेट्यांची लेबलं असतील, तिकिटं असतील, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, बसची तिकिटं, काहीही असेल. येत्या रविवारी एक वही घ्या आणि त्यांची यादी करायला बसा. काय आहे, कुठून आलं, कधीचं आहे, एवढं लिहा. आणि शेवटच्या पानावर हेही लिहा की तुमच्यानंतर ते कोणाकडे जायचं आहे.