खटला आणि विनाखटला कैद : अमरावतीची काँग्रेस, डिसेंबर १८९७

१/
२७ ते २९ डिसेंबर १८९७ या तीन दिवसांत राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष होते मद्रासचे वकील चेट्टूर शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे. त्या वेळी खापर्ड्यांचे स्नेही बाळ गंगाधर टिळक तुरुंगात होते. सरकार एखाद्याला कोणत्या अधिकाराने बंदिस्त करू शकते, हा प्रश्न त्यामुळे मंडपात आधीपासूनच उपस्थित होता.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पुण्यात प्लेगची साथ, घराघरांत सैनिकांची झडती आणि त्यातून उसळलेला असंतोष. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर सरकारने दडपशाहीसाठी दोन वेगवेगळे मार्ग वापरले. हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे.

३/
पहिला मार्ग न्यायालयाचा. १५ जूनच्या ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर भारतीय दंडविधानाच्या कलम १२४अ खाली राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावताना ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा केला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरू शकत होता!

४/
नऊ ज्युरर होते. सहा युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तिघा हिंदी ज्युररांनी निर्दोष. १४ सप्टेंबर रोजी दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. निकाल अन्यायाचा होता. तरीही आरोप काय, बचाव काय आणि मतभेद कोणाचा, हे सारे जगजाहीर झाले. सहा विरुद्ध तीन ही विभागणीच त्या निकालावरचे सर्वांत बोलके भाष्य ठरली.

५/
दुसरा मार्ग न्यायालय टाळण्याचा. पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंना सरकारने जुलै १८९७ मध्येच उचलले, तेही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. ‘राजकीय कारण’ एवढे म्हटले की पुरे. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, शिक्षेची मुदत नाही. कंपनी सरकारच्या काळातले सत्तर वर्षांपूर्वीचे हे हत्यार अजून धारदार होते.

६/
वृत्तपत्रांच्या दृष्टीने या दोन मार्गांत मोठे अंतर आहे. खटला चालला की संपादकाला लिहिण्यास काहीतरी हाती लागते : साक्ष, उलटतपासणी, निकालपत्र. विनाखटला कैदेत बातमी एका ओळीत संपते. सरकारचा आरोपच ठाऊक नसेल, तर तो खोडून काढायचा कसा? न्यायालय टाळणारी सत्ता एकाच वेळी कैद्याचा बचाव आणि वृत्तपत्राचा मजकूर, दोन्ही हिरावून घेते.

७/
अमरावतीच्या अधिवेशनाचे महत्त्व इथे आहे. नातूबंधूंच्या विनाचौकशी कैदेचा विषय ठरावाच्या रूपाने सभेपुढे आला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी भाषणात टिळकांचे नाव घेऊन त्यांच्या निर्दोषत्वाविषयी उघड खात्री व्यक्त केली. हेच सुरेंद्रनाथ १८८३ मध्ये ‘बंगाली’ पत्राचे संपादक असताना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगात जाऊन आले होते. राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्याच्या सरकारी हालचालींनाही सभेने विरोध नोंदवला.

८/
ही सभा वऱ्हाडात भरणे हेही अर्थपूर्ण होते. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी हे सहा जिल्हे कागदोपत्री निजामाचे. १८५३ च्या तहापासून कारभार मात्र इंग्रजांचा. त्यामुळे येथे कायदा विधिमंडळातून येत नसे. गव्हर्नर जनरलच्या सरकारने हुकूम काढला की तो वऱ्हाडात लागू! वऱ्हाडचे कायदे विधिमंडळानेच करावेत, अशी मागणीही याच अधिवेशनात झाली.

९/
अमेरिकेचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. १७९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या सहीने तेथेही राजद्रोहाचा कायदा आला आणि विरोधी संपादक तुरुंगात गेले. व्हर्माँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना तर कैदेत असतानाच मतदारांनी पुन्हा निवडून दिले. १८०० च्या निवडणुकीत ॲडम्स हरले, १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि जेफर्सन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली.

१०/
तेथे मतदार सत्ताधीशाला घरी पाठवू शकला. अमरावती-अकोल्याच्या रयतेपाशी मतच नव्हते. ज्यांच्या हाती मत नाही, त्यांच्यापाशी सभा आणि छापील अक्षर एवढेच उरते. म्हणूनच सरकारचा रोख नेमका या दोहोंवर होता.

११/
ठरावांनी सरकार बधले नाही. १८९८ मध्ये कलम १२४अ अधिक रुंद झाले आणि त्यासोबत १५३अ आले. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १०८ मुळे राजद्रोही मजकूर वा भाषणाबद्दल जामीन मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना मिळाला. १९१६ मध्ये टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला, तो याच कलमाखाली. उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले होते. खटलाच न चाललेल्या नातूबंधूंना मात्र १८९९ पर्यंत वाट पाहावी लागली.

१२/
१९१९ मध्ये रौलट कायद्याने विनाखटला कैद पुन्हा आणली. केंद्रीय विधिमंडळात खापर्डे विरोधी बाकांवर होते. शंकरन नायर मात्र व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे कायदा आणणाऱ्या सरकारातच, बसले होते. पुढे पंजाबातील लष्करी कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. ओड्वायर यांनी लंडनमध्ये भरलेला अब्रुनुकसानीचा दावाही सोसला. अमरावतीचा अध्यक्ष बावीस वर्षांनी कोणत्या खुर्चीत होता, हे विसरून चालणार नाही आणि तो ती सोडून उठला, हेही नाही.

१३/
स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद २२ ने अटकेची कारणे कळवण्याचे बंधन घातले. प्रतिबंधक स्थानबद्धता तीन महिन्यांपलीकडे न्यायची, तर सल्लागार मंडळाची तपासणी आवश्यक केली. नातूबंधूंना यातले काहीच लाभले नव्हते. तरीही विनाखटला स्थानबद्धतेचा अधिकार संविधानाने राज्यसंस्थेच्या हाती ठेवला, हे तितकेच खरे. कलम १२४अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केले. जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आली.

१४/
टिळकांचा खटला शाळेच्या पुस्तकात आहे, कारण त्याचे कागद उरले. नातूबंधूंची नावे फारशी कोणी घेत नाही, कारण त्यांच्या प्रकरणात न्यायालयात कागदच झाला नाही. नागरी स्वातंत्र्याचा इतिहास वाचताना गाजलेल्या खटल्यांइतकेच, जे खटले कधी चाललेच नाहीत त्यांच्याकडेही लक्ष द्यावे. १८९७ मध्ये अमरावतीने ते दिले होते.