कुंपणाच्या झाडांचे वाडगे

इंग्लंडमधील कातारी वाडग्यांसाठी शतकानुशतके एल्म, बीच अशा रुंदपर्णी वृक्षांवर विसंबत आले. बर्कशायरमधील बकलबरीचे जॉर्ज लेली १९५८ मध्ये निधन पावेपर्यंत पोल लेथवर, म्हणजे पावडी दाबली की दोरीने लाकूड फिरते आणि वरची लवचीक काठी ती दोरी पुन्हा खेचून घेते अशा साधनावर, एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. कुंपणाच्या सूचिपर्णी झाडांपैकी यूच्या लाकडाला मात्र जुना मान होता, कारण त्याचा नारिंगी-तपकिरी गाभा आणि सालीलगतचा फिकट थर वाडग्याच्या काठावर स्पष्ट उठून दिसतात. पण हे झाड विषारी असल्याने असा वाडगा जेवणासाठी न वापरणेच इष्ट.

कुंपणाचेच दुसरे सूचिपर्णी झाड असलेल्या लेलँडीचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर परस्परांपासून दूर वाढणाऱ्या माँटेरे व नूटका या दोन सायप्रसांचा संकर १८८८ मध्ये वेल्समधील लेटन हॉलच्या बागेत झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची झपाट्याने वाढणारी कुंपणे घरोघरी उभी राहिली. त्यांच्या उंचीवरून शेजाऱ्यांत इतके तंटे झाले की २००३ च्या एका कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र भाग घालावा लागला. कातण्यासाठी घेतलेल्या अशा छाटलेल्या कुंपणाच्या खोडात फांद्यांच्या गाठी दाटीने असतात; त्यांच्याभोवती मऊ तंतू फाटू नयेत म्हणून हत्यार वारंवार परजावे लागते, परंतु त्याच गाठी वाडग्याच्या पोटात गडद वर्तुळे उमटवतात.