तासिकेचं तत्त्व आणि बदलीचं कार्ड



विक्रोळीत येऊन कामगारांविषयी बोलायचं म्हणजे धाडसच आहे. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट इथल्या घरांतून दोन पिढ्या सकाळच्या पाळीला बाहेर पडल्या. तेव्हा ‘कायम’ आणि ‘बदली’ यांतला फरक तुम्हांला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही शिकवत आलो तत्त्वज्ञान. आजचा विषय मात्र आहे महाविद्यालयातला तासिका तत्त्वावरचा अध्यापक. सगळे त्याला ‘सीएचबी’ म्हणतात, म्हणजे क्लॉक अवर बेसिस. ‘तासिका तत्त्व’ हे नेमकं कोणतं तत्त्व, ते आम्हांला षड्दर्शनांत सापडलं नाही, ग्रीकांकडेही नाही. पण हजारो सुशिक्षित माणसांचं आयुष्य त्यावर चाललंय, म्हणून त्याचा इतिहास पाहायला हवा.

आमची एक विद्यार्थिनी आहे. सेट झालेली, पीएच.डी. झालेली. सकाळी विक्रोळीत दोन तास घेते, दुपारी घाटकोपरला एक, संध्याकाळी मुलुंडला दोन. पैसे मिळतात वर्गात उभं राहिलेल्या तासांचे. पेपर तपासणं, परीक्षेचं सुपरव्हिजन, नॅकच्या फायली, आजारी मुलाच्या आईशी बोलणं, या कशालाही तास नाही. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच. एप्रिलमध्ये नेमणूक संपते, जून-जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तीच खुर्ची. तिनं एकदा विचारलं, “सर, माझं पद काय?” आम्ही उत्तर दिलं नाही. तिच्यासाठी पद नाही, हेच उत्तर होतं, पण तोंडातून निघेना.

आता गिरणीकडे वळू. मुंबईच्या कापडगिरण्यांत बदली कामगार ही जुनी व्यवस्था. पहाटे गेटवर गर्दी व्हायची, कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबर आपल्या मर्जीतल्याला आत घ्यायचा. त्यातल्या लाचलुचपतीला आळा घालायचा म्हणून गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत आणली. ठरावीक माणसांना कार्डं द्यायची, त्यांनी रोज गेटवर हजेरी लावायची आणि जागा रिकामी असेल तर त्यांनाच आधी घ्यायचं. पुढे १९५० मध्ये डीकॅज्युअलायझेशनची योजना आली. एवढं होऊनही १९८२ च्या संपात बदल्यांना कायम करा ही मागणी होतीच. म्हणजे प्रश्न सुटला नव्हता. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बदली हा कोणाची तरी बदली असायचा. आज अमुक मागवाला आला नाही, त्याच्या मागावर हा उभा. माग त्याचा नसेल, पण माग होता.

सीएचबीवाला कोणाच्या बदली आहे? कोणाच्याच नाही. ज्या मागावर तो उभा आहे तिथला कायम माणूस निवृत्त होऊन दहा-दहा वर्षं झालीत. जागा भरलीच नाही. आम्हांला ठळकपणे मांडायचंय ते हेच. तात्पुरता शिक्षक आपल्याकडे नवा नाही, पदच नसलेला शिक्षक नवा आहे.

जुनी उदाहरणं पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, ती नेमणूक तात्पुरतीच होती. पगार दरमहा ४५० रुपये. जुलै १९२० मध्ये ते लंडनला परत निघाले. नंतर १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला, १९२८ मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवायला गेले. अस्पृश्य म्हणून वाट्याला आलेला अपमान हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे, त्याची सरमिसळ इथे करत नाही. नेमणुकीपुरतं बोलायचं तर सिडनहॅममध्ये ते प्राध्यापकाच्या पदावर होते आणि त्या पदाचा पगार त्यांना मिळत होता.

दुसरं उदाहरण पुण्याचं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. तिथले आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर राबले. कॉलेजात संघटनेचा विषय निघाला की कोणी ना कोणी आगरकर-गोखल्यांचा त्याग काढतोच. आम्ही स्वतः तो पस्तीस वर्षं ऐकला. त्याग खरा होता. पण हे आजीव सदस्य स्वतःच संस्था चालवत होते! बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, किती वेळ द्यावा, यावर ते आपसांत कडाडून भांडले. त्या भांडणातूनच १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. कमी पैसे घ्यायचे, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या विद्यार्थिनीला कोणी काही विचारलं होतं का? मॅनेजमेंटनं तिच्या वतीनं परस्पर त्याग केलेला आहे.

आम्ही स्वतः १९७४ मध्ये लागलो ते रजेच्या जागेवर, एका वर्षासाठी. अस्थायी होतो, धाकधूक होती, मार्च आला की प्राचार्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचो. पण पगार वेतनश्रेणीतला होता. स्टाफरूममध्ये आमच्या नावाचा कप्पा होता. हसू नका, कप्प्याला अर्थ असतो.

मग हे केव्हा बदललं? एका दिवशी नाही. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयांतही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. एकाच इमारतीत एका मजल्यावर अनुदानित शिक्षक, दुसऱ्या मजल्यावर तासावरचा. पुढे अनुदानित मजल्यावरही भरती आटली. २०१७ मध्ये बंदी, २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागांना मंजुरी, ती भरती चालू असतानाच मे २०२० मध्ये कोविडमुळे पुन्हा थांबवलं, मग २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ ना परवानगी. नळाला पाणी येतं-जातं तसं हे. वर्ग मात्र रोज भरतातच.

अशा वेळी कामगार कोर्टात जातो. शिक्षकानं कुठे जायचं? इथे एक फार विलक्षण खटला आहे, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. कारांझाळे इथल्या एका शाळेतल्या शिक्षिका ए. सुंदरांबाळ यांना एप्रिल १९७५ मध्ये कामावरून काढलं. त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. सरकार म्हणालं, तुम्ही कामगार नाही, म्हणून तुमचा वाद आम्ही न्यायाधिकरणाकडे पाठवणार नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात हरून सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल लागला जुलै १९८८ मध्ये. तेरा वर्षांनी. त्याआधी १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंच शिक्षणसंस्था हा उद्योग ठरवला होता. आता न्यायालय म्हणालं, शाळा उद्योग आहे, पण शिक्षक कामगार नाही. कारण शिकवणं हे कौशल्याचं, हातमेहनतीचं किंवा कारकुनी काम नव्हे, ते उदात्त कार्य आहे.

तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. गोदरेजच्या कारखान्यातला फिटर कामगार, शाळेचा शिपाई कामगार, शाळेतली क्लार्क कामगार, आणि त्याच शाळेतली शिक्षिका फार थोर असल्यामुळे तिला दार बंद. थोरवीचा हा असा उपयोग! अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या तासिकावाल्यांनी २०१२ मध्ये चक्क पोलाद कामगारांच्या संघटनेत जायला मत दिलं. तिथे विद्यापीठ म्हणालं, आम्ही धर्मसंस्था आहोत, कामगार मंडळाचा आमच्यावर अधिकार नाही. २०२० मध्ये अपील न्यायालयानं ते मान्य केलं. तिकडे धर्म, इकडे उदात्तता.

महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी विद्यापीठ न्यायाधिकरण आहे, ते खरं. पण तिथे बडतर्फीविरुद्ध जायचं. सीएचबीवाल्याला कोणी बडतर्फ करतच नाही. त्याची मुदत पिकल्या पानासारखी एप्रिलमध्ये आपोआप गळते.

आणि त्याला मिळतं काय, तर ‘मानधन’. शब्द पाहा. वेतन मागता येतं, थकलं तर भांडता येतं. मानधन दिलं जातं, घेणाऱ्यानं नमस्कार करायचा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर ठरवला. आयोगाच्याच २०१८ च्या नियमांत आहे की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगाराहून कमी देऊ नये. नियम चांगला आहे. म्हणूनच नेमणूकपत्रात ‘कंत्राटी’ न लिहिता ‘तासिका तत्त्व’ लिहिलेलं बरं पडतं.

तरी दार पूर्ण बंद नाही. शिक्षकाला ग्रॅच्युइटी नाही असं सर्वोच्च न्यायालय २००४ मध्ये म्हणालं, संसदेनं २००९ मध्ये कायदा बदलून १९९७ पासून ती दिली, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकाल आला. नियमित प्राध्यापक लाखाच्या वर घेतात तेच काम हे महिना ३०,००० वर करत होते. न्यायालयानं त्यांना वेतनश्रेणीचं किमान वेतन द्यायला सांगितलं, आणि सभासमारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणून भागत नाही, अशा अर्थाचं सुनावलंही. १९८८ ची उदात्तता २०२५ मध्ये निदान पैशांत मोजायला घेतली.

आता आमचा स्वतःचा हिशेब. २०१३ मध्ये राज्यातल्या प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे परीक्षांवर बहिष्कार टाकला होता. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांची सेवा, हे त्यातले प्रमुख प्रश्न. न्याय्यच होते. पण आम्हा कायम लोकांच्या मागणीपत्रांत सीएचबीचा मुद्दा वर्षानुवर्षं खाली कुठेतरी असायचा. याहून वाईट म्हणजे, विभागप्रमुख असताना वर्कलोडचा तक्ता आम्हीच भरायचो. एका माणसाला पुरेल एवढं काम दोघांत वाटायचं, म्हणजे कोणीच पूर्णवेळाच्या जवळ जाऊन हक्क सांगू नये. वरून सांगितलेलं असायचं. सही आमची असायची.

शेवटी एक सूचना. हवं तर तिला निवृत्त माणसाचा हट्ट समजा. महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला. आज या गोदामात, उद्या त्या, मालक एक नाही, मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? तोडगा असा निघाला की मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळानं हमालाला मजुरी, निधी, रजा, ग्रॅच्युइटी द्यायची. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड अशा तीन कॉलेजांत पाठीवर पुस्तकं वाहणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीची अडचण हीच नाही का? विद्यापीठ पातळीवर असं मंडळ का नको? पद भरायची मागणी सोडू नये, पण ते भरेपर्यंतचे मे महिने तर जातील. या कल्पनेला एका प्राध्यापक मित्रानं नाक मुरडलं. म्हणाला, “आपण काय हमाल आहोत?” सुंदरांबाळ खटला आम्हांला त्याच वेळी आठवला.

सभागृहात तासिकेवर शिकवणारे कोणी असतील, तर नेमणुकीचं प्रत्येक वर्षाचं पत्र, तासांच्या नोंदवहीची झेरॉक्स आणि बँकेत मानधन जमा झाल्याच्या नोंदी सांभाळून ठेवा. दाद मागायची झाली तर पहिला प्रश्न येतो तो सलग कामाचा पुरावा कुठाय हा. बदलीवाल्याकडे निदान कार्ड असायचं. आता प्रश्न घेऊ. मागे कोणी हात वर केलाय, माइक तिकडे द्या.