इंग्रजी शब्दांतील अक्षरे आणि सुरत

अमुक दोन अक्षरे लगोलग येणारा एखादा लांबलचक इंग्रजी शब्द शोधून काढण्याची हौस शालेय विद्यार्थ्यांत पुष्कळदा दिसते. तिला करमणूक समजून बाजूस सारण्याची आपल्याकडे चाल आहे. आमच्या मते हा अन्याय होय. शब्दातील अक्षरे ही नाण्यावरील छापाप्रमाणे असतात. नाणे कोणत्या टाकसाळीतून निघाले, हे ती सांगतात. सुरतेसारख्या बंदराचा इतिहास अभ्यासताना तर या छापाकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही.

प्रथम शोधाच्या रीतीविषयी. आपले नेहमीचे कोश आद्याक्षराने लावलेले असतात. त्यामुळे शब्दाच्या पोटातील वा शेवटचे अक्षर ठाऊक असून आरंभ ठाऊक नसेल, तर कोश मुका होतो. ही अडचण ओळखणारे कोशकार आपल्या देशात फार पूर्वी होऊन गेले. गुजरातेतच बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘अनेकार्थसंग्रह’ रचला. त्याची कांडे शब्दांतील स्वरांच्या संख्येनुसार पाडली आहेत: एकस्वरी शब्द आधी, षट्स्वरी शेवटी. कांडातील मांडणीत अंत्य व्यंजनासही स्थान दिले आहे. म्हणजे ‘इतक्या लांबीचा आणि अमुक व्यंजनान्त शब्द कोणता?’ या प्रश्नाची सोय तेथे आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच झाली होती.

आता सुरतेकडे वळू. सुरत म्हटले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु १६१३ मध्ये इंग्रजांची वखार येथे स्थापन झाल्यापासून या शहरात दुसरीही एक देवघेव चालली होती, ती शब्दांची. कापडाच्या गाठींबरोबर शब्दही जहाजांत चढत होते आणि रोमन अक्षरांचा वेष घेऊन विलायतेस उतरत होते.

उदाहरणार्थ, ‘टी’ आणि ‘झेड’ यांनी संपणारे इंग्रजी शब्द शोधावेत. ‘क्वार्ट्झ’ आणि ‘वॉल्ट्झ’ हाती लागतात. हे जर्मन कुळातील. त्यांच्याच पंक्तीत ‘चिंट्झ’ येऊन बसतो, आणि हा मात्र आपली छीट किंवा चीट होय. इंग्रज व्यापाऱ्यांनी ‘चिंट’ हे एकवचन धरून ‘एस’ लावून अनेकवचन केले. पुढे अनेकवचनाचा विसर पडून ‘एस’चा ‘झेड’ झाला. एका अक्षराच्या या बदलात एका विस्मृतीची कथा आहे. ‘बॅनियन’ हा शब्द गुजराती वाणिया, आपला वाणी, यापासून पोर्तुगिजांच्या तोंडून ‘व’चा ‘ब’ होऊन इंग्रजीत गेला. इराणच्या किनाऱ्यावर गोम्ब्रूनजवळ ज्या वडाखाली हे वाणी जमत, त्यावरून युरोपियनांनी त्या झाडालाच ते नाव दिले. वड आमचा, नावही आमच्या वाण्याचे. परंतु इंग्रजी पुस्तकात भेटल्यावर दोन्ही परके वाटतात!

खिचडीची गतही अशीच. तिचा इंग्रजी अवतार ‘केजरी’ आठ अक्षरांचा असून त्यांतील चार ‘ई’ आहेत. शेवटचे जोड ‘ई’ म्हणजे आपला दीर्घ ईकार. जाड्याभरड्या कापडाचे नाव असलेल्या ‘डंगरी’त आणि ‘रुपी’तही तोच दिसतो.

मात्र येथे सावधगिरी हवी. जोड ‘ई’ने संपणारा प्रत्येक शब्द हिंदी नव्हे, ‘रेफ्यूजी’ आणि ‘एम्प्लॉयी’ यांतील तो प्रत्यय फ्रेंच वाटेने आला. ‘के’ आणि ‘एच’ जोडून येणाऱ्या शब्दांत ‘खाकी’ आपल्याकडून गेला खरा, पण सुरतेच्या वखारीतून नव्हे, तर एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीवरील पलटणींतून. आणि ‘अस्त्राखान’ हे लोकरी कातडे व्होल्गाकाठच्या शहराचे नाव मिरविते. तात्पर्य, अक्षर संशय उत्पन्न करते. निकाल मात्र इतिहासाने द्यावयाचा असतो.

खुद्द सुरतेचे नावही इंग्रजीत सामान्यनाम झाले. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तेथील कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसावर भागवावे लागले. या आखूड धाग्याच्या कापसास तेथे ‘सुरत’ म्हणत. धागा तुटे, मजुरी बुडे, आणि त्या त्राग्यातून ‘सुरत’ हा शब्द निकृष्ट मालाचा वाचक बनला. एके काळी ज्या नावाने उत्तम वस्त्राची ओळख पटे, त्याची ही विटंबना शब्देतिहासाखेरीज कोण सांगणार?

परंतु सुरतेने अक्षरे केवळ दिली नाहीत, मागितलीही. १६७० च्या सुमारास येथील व्यापारी भीमजी पारेख यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. हेन्री हिल्स हा मुद्रक आला. पण त्यास छपाई येत होती, देशी अक्षरांचे ठसे पाडता येत नव्हते. पुढे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग येथील इंग्रजी शाळेत अध्यापक होते. १८४४ च्या मानवधर्म सभेत दुर्गाराम मेहताजी, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास यांच्यासह ते होते. नावांच्या आद्याक्षरांवरून लोक या मंडळींना ‘पाच दद्दा’ म्हणत. सुरतेच्याच कवी नर्मदांनी १८७३ मध्ये ‘नर्मकोश’ पूर्ण करून गुजराती शब्दांना त्यांचे घर बांधून दिले.

आज संगणक हव्या त्या अक्षरांच्या शब्दांची यादी क्षणार्धात पुढे ठेवतो. त्यामुळे शोधण्याचे श्रम संपले. विचारण्याचे संपलेले नाहीत. सुरतेत आजही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले त्यांत शिकतात. इंग्रजी वर्णलेखन म्हणजे परक्यांनी लादलेला घोकंपट्टीचा दंड, अशी त्यांची समजूत होऊ देणे हे शिक्षकांस शोभणारे नाही. त्या अवघड शब्दांतील काही त्यांच्याच आजीच्या स्वयंपाकघरातून आणि त्यांच्या वडिलांच्या मागावरील कापडातून गेले आहेत, एवढे जरी त्यांस कळले, तरी परकी भाषा शिकताना त्यांची मान खाली जाणार नाही.