मेख, खाच आणि परवलीचा शब्द

मराठीत आपण किल्ली म्हणतो आणि चावीही म्हणतो. किल्लीचं नातं संस्कृत ‘कील’शी, म्हणजे खुंटीशी, मेखेशी. चावी आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. त्यांच्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘क्लाविस’, आणि क्लाविसचा सख्खा भाऊ ‘क्लावुस’ म्हणजे खिळा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द एकाच वस्तूपाशी पोचतात, कारण पहिली किल्ली खरोखरच खुंट्यांची होती. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपात अडसराच्या भोकांमध्ये वरून खुंट्या पडत आणि अडसर अडकून बसे. किल्ली म्हणजे दात बसवलेली एक दांडी. ती आत सारून वर उचलली की खुंट्या उचलल्या जात आणि अडसर सरके. १८६१ साली अमेरिकेत लायनस येल ज्युनियरनं पेटंट घेतलेलं धातूचं कुलूप याच कल्पनेवर उभं आहे. गाडीच्या दाराच्या कुलपात खुंट्यांऐवजी बहुधा पातळ पट्ट्या असतात, पण युक्ती तीच: योग्य खाचांची किल्ली आली की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं.

मोटारगाडी मात्र जन्मली ती किल्लीविना. हँडल मारायचं, इंजिन धडधडायला लागलं की धावत जाऊन बसायचं. हँडल उलट फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि तो धोका टळला. तरीही बराच काळ इग्निशनचं बटण एकीकडे आणि स्टार्टरचं दुसरीकडे असे. किल्ली फिरवताच गाडी सुरू होते ही सवय क्रायस्लरनं १९४९मध्ये लावली. मागच्या पिढ्यांच्या हाताला जी किल्ली ठाऊक होती, ती हीच.

तिचं वैशिष्ट्य असं, की ती केवळ आकार होती. आकाराची नक्कल करता येते. रस्त्याकडेला लाकडी पेटी मांडून बसणारा किल्लीवाला तुमची किल्ली शिकंज्यात धरायचा, शेजारी कोरी किल्ली लावायचा आणि कानस मारत मारत दहा मिनिटांत जोडीदार तयार करायचा. चोराला तेवढंही लागत नसे. इग्निशनचा कोंडा उचकटायचा, दोन तारा एकमेकींना लावायच्या, झालं.

१९८६च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सनं किल्लीच्या पात्यातच एक छोटा रोधक बसवला. किल्ली घातल्यावर गाडी त्याचा विद्युतरोध मोजायची. चुकला तर इंजिन सुरू होऊ द्यायची नाही. रोधकाच्या किमती होत्या पंधराच, म्हणजे चिवट चोरानं पंधरा वेळा प्रयत्न केला की काम झालं. तरी माझ्या मते किल्लीच्या इतिहासातलं खरं वळण हेच. इथे पहिल्यांदा खाचा बरोबर असूनही किल्ली चूक ठरू शकली.

पुढची पायरी ट्रान्सपाँडरची. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून निघणारं चुंबकीय क्षेत्रच तिला क्षणभर वीज पुरवतं. मग गाडी एक वाटेल तो आकडा पाठवते, चिप आपल्या पोटातला गुप्त आकडा वापरून त्यावर गणित करते आणि उत्तर पाठवते. गाडीनंही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी. हाच इमोबिलायझर. १९९८च्या ऑक्टोबरपासून ब्रिटनमध्ये प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती झाली नाही. तिथे दोन कोरियन कंपन्यांच्या कित्येक स्वस्त गाड्या इमोबिलायझरविना विकल्या गेल्या आणि २०२१-२२मध्ये पोरंसोरं यूएसबी केबलच्या टोकानं कोंडा फिरवून त्या पळवू लागली. कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्यांना ही चिप कायद्यानं होती, म्हणून तिथे ही युक्ती चालली नाही. एवढ्याशा चिपची किंमत मला याहून चांगली सांगता येणार नाही.

दार लांबून उघडण्याची गोष्ट वेगळ्या घरातली. १९८२च्या सुमाराला रेनो फुएगोमध्ये अदृश्य प्रकाशावर चालणारा रिमोट आला, टीव्हीच्या रिमोटसारखा. तो पॉल लिपशुट्झ या माणसाच्या कल्पनेतून निघाला आणि त्याच्या नावाची अक्षरं जुळवून फ्रेंच लोक त्याला ‘प्लिप’ म्हणू लागले. आजही म्हणतात. पुढे प्रकाशाची जागा रेडिओलहरींनी घेतली आणि नवी अडचण उभी राहिली: हवेत सोडलेला संकेत कुणीही टिपून पुन्हा वाजवू शकतो. त्यावर तोडगा जुनाच होता. गडाच्या दरवाजावरचा परवलीचा शब्द रोज बदलावा, तसा रिमोटचा संकेत प्रत्येक दाबणीला बदलायचा. किल्ली आणि गाडी दोघीही मोजत राहतात. खिशात बटण चुकून चार-सहा वेळा दाबलं गेलं तरी बिघडत नाही. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘कीलॉक’ या प्रसिद्ध पद्धतीत गाडी पुढच्या सोळा संकेतांपर्यंत समजून घेते.

कीलॉकचं गणित मात्र गुपित ठेवलेलं होतं. ते बाहेर आलं आणि २००७-०८मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ते फोडलं. त्याआधी २००५मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटानं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चाळीस बिटांची इमोबिलायझर चिप फोडली होती. चाळीस बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, संगणकाला काही तासांचं काम. मेगामोस या चिपचे दोष बर्मिंगहॅम आणि नाइमेखनच्या संशोधकांनी शोधले, तेव्हा ही चिप वापरणाऱ्या फोक्सवॅगननं २०१३मध्ये लंडनच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधाच्या प्रकाशनावर मनाई आणली. तो निबंध दोन वर्षांनी, एक वाक्य गाळून, छापला गेला. मला हे मनापासून खटकतं. ऑगस्ट केर्कहॉफ्सनं १८८३मध्येच लिहून ठेवलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. गुप्तलेखनशास्त्रात त्या गुप्त आकड्यालाही किल्लीच म्हणतात. तो दोष त्या दोन वर्षांत गाड्यांमध्ये होताच, फक्त गाडीच्या मालकाला तो ठाऊक नव्हता.

आता किल्ली खिशातून काढावीही लागत नाही. मर्सिडीझनं १९९८च्या सुमाराला एस-क्लासमध्ये ही सोय आणली. दाराच्या मुठीला हात लागला की गाडी मंद आवाजात हाक मारते, ती जेमतेम दीड-दोन मीटर ऐकू जाते. किल्ली मोठ्यानं ओ देते. हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळच आहे, असं गाडी धरून चालते. खरी मेख इथेच आहे. एक चोर गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या दाराबाहेर. दोघांच्या हातातली यंत्रं गाडीची हाक घरात पोचवतात आणि चपलांच्या कपाटावरची किल्ली प्रामाणिकपणे ओ देते. झुरिचच्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं. त्यावर खरा उपाय आहे उत्तर यायला लागलेला वेळ मोजण्याचा. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते, त्यामुळे दूरची किल्ली जवळची असल्याचं सोंग करू शकत नाही. नव्या अल्ट्रा-वाइडबँड किल्ल्या आणि मोबाइलमधल्या काही किल्ल्या हेच करतात. तोवर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा कामाला येतो. किल्ली आत ठेवून गाडीपाशी जाऊन बघा, दार उघडलं नाही तर डबा चांगला.

हे सगळं मी वाचायला लागलो ते हरिहरेश्वरच्या वाळूत मेहुण्याची किल्ली हरवली तेव्हा. तिन्हीसांजेपर्यंत आम्ही चौघं वाळू चाळत होतो. कुलूपवाल्यानं दार पाच मिनिटांत उघडलं, पण गाडी सुरू होईना. मेहुणा आपल्याच गाडीत परक्यासारखा बसून राहिला. दुसरी किल्ली पुण्याहून एसटीनं, ओळखीच्या माणसाबरोबर, दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

परतल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत मागितली. नवी किल्ली कापणं हा कामाचा छोटा भाग. मोठा भाग गाडीशी तिची ओळख करून देण्याचा. एक चालू किल्ली हातात असली तर ते सोपं जातं. दोन्ही गेल्या तर वेळ आणि खर्च कितीतरी वाढतो, काही गाड्यांत आतलं यंत्रच बदलावं लागतं. हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्यायची असते, हे तिथे कुणी आपणहून सांगितलं नाही. मेहुण्यानं विचारलं म्हणून झालं. तरी त्या किल्लीचं पातं दार उघडू शकतंच. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून हरवल्याची तक्रार जपून ठेवायची.

सेल संपला तर घाबरायचं कारण नाही. रिमोटच्या पोटात एक पातं दडवलेलं असतं, त्यानं दार उघडतं. मग रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवायचा किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवायचा. तिथलं वेटोळं सेलविना चिपला जागं करतं.

आमच्या चौकातल्या किल्लीवाल्याच्या पेटीत कानस अजून आहे. तिच्याशेजारी आता एक यंत्र असतं, त्याची वायर तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचतो. पूर्वी तो म्हणायचा, “नमुना द्या.” आता पेटी उघडण्याआधी विचारतो, “गाडी कुणाच्या नावावर आहे?”