पिंपरीचं पेनिसिलिन आणि फडताळातल्या चार गोळ्या

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याला आमची भातलावणी चालू होती. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायात काटा घुसला आणि पाय टम्म सुजला. भोरच्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. दादा म्हणाले, "आता कशाला? लागतील कधीतरी." उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. पंधरा दिवसांनी आईचा घसा धरला, तेव्हा त्याच बाहेर निघाल्या.

तुमच्याही घरी होतं ना असं? म्हणून आज या औषधाची गोष्ट.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना दिसलं की एका बुरशीभोवतीचे जिवाणू मरतायत. त्या बुरशीतून मिळालं पेनिसिलिन. पण त्याचं औषध व्हायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचलं. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून परत त्यालाच दिलं! तो सुधारत होता. पण औषध संपलं आणि मार्चमध्ये तो गेला.

आपल्याकडे हे औषध बनायला लागलं ते आपल्याच पुणे जिल्ह्यात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली पिंपरीत 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. परदेशातून आणावं लागणारं औषध आता घरचं झालं.

पण धोका आधीच सांगून झाला होता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात फ्लेमिंगनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणतो, पण कमी घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो. आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते.

ही गोष्ट मी दादांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. घसा, उरलेलं औषध, बायको... सगळं आमच्याच घरातलं!

सरकारनेही लगाम घातलाय. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स 'एच-वन' यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पण फडताळातल्या गोळ्यांना कोण चिठ्ठी विचारणार? तिथे आपणच लक्ष ठेवायचं.

आईला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा व्हायरसचा त्रास आहे, अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही. मिठाच्या गुळण्या केल्या, चार दिवसांत घसा मोकळा झाला.

आज घरी गेलात की फडताळ उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!