मल्लखांबाचें प्रयोजन

मल्लखांबाचा जनक कोण, असें विचारतांच आपल्याकडे बाळंभटदादा देवधर यांचें नांव घेतलें जातें. आखाड्यांतून चालत आलेली हकीकत अशी : दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब नांवाचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनीं दरबारास कुस्तीचें आव्हान दिलें. कोणी पुढें येईना. तेव्हां तरुण बाळंभटदादांनीं विडा उचलला, मुदत मागून घेतली आणि वणीस सप्तशृंगीच्या पायाशीं अनुष्ठान केलें. तेथें मारुतीनें त्यांस लांकडी खांबावरची विद्या दाखविली. परत येऊन त्यांनीं अलीस चीत केलें व गुलाबानें न लढतांच हार मानली.

या हकीकतीवरून मल्लखांब पेशवाईच्या अखेरीस जन्मास आला असा सिद्धान्त काढणें मात्र ग्रंथप्रमाणास धरून होणार नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' या ग्रंथांत ज्योतिर्गणितासाठीं शके १०५१ हें वर्ष घेतलें आहे. त्यावरून ग्रंथाचा काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत याचा दुसरा भाग इ. स. १९३९ त निघाला. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगतांना भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम यांच्या बरोबरीनें स्तंभश्रम मोजला आहे. गुजराथेंतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें 'मल्लपुराण' सांडेसरा व मेहता यांनीं इ. स. १९६४ त बडोद्यासच प्रसिद्ध केलें. त्यांतहि स्तंभश्रम आहे. येथें श्रम म्हणजे थकवा नव्हे, अभ्यास. हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणांत 'स्तंभ' शब्दाचें 'खंभ' असें रूप देतो. आपला 'खांब' त्याच कुळांतला. तेव्हां मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. हें नांवच आपलें प्रयोजन सांगतें.

तें प्रयोजन कोणतें? माझ्या मतें तोलाचें शिक्षण. टांग किंवा ढाक मारतांना डाव करणाराच क्षणभर एका पायावर येतो. पडणाऱ्यापेक्षां पाडणाऱ्याचा तोल आधीं धोक्यांत असतो. हा तोल जोडीदाराबरोबर लढूनच शिकावयाचा म्हटलें तर जोडीदार थकतो, दुखावतो. खांब थकत नाहीं. सागवानी किंवा शिसवी लांकडाचा, खालीं जाड व वर निमुळता होत गेलेला, अंग, मान व बोंड अशा तीन भागांचा हा खांब एरंडेल लावून गुळगुळीत ठेवितात. त्यामुळें केवळ बळानें कोणी त्यावर टिकत नाहीं. मांड्यांची पकड, पाठीचा बाक आणि डोकें खालीं असतांहि ठिकाणावर असलेलें चित्त, हीं तिन्ही एकदम लागतात. टांगत्या मल्लखांबांत खांबच झोके घेतो आणि वेताच्या मल्लखांबांत पायांस भक्कम आधारच उरत नाहीं. देह आडवा तोलून धरण्याच्या कसरतींस आखाड्यांत 'ताजवा' म्हणतात. ताजवा म्हणजे तराजू. उस्तादांनीं मर्म एका शब्दांत बांधून ठेविलें आहे.

आतां देवधरांच्या हकीकतीकडे पुन्हां पाहावें. ती मल्लखांबाच्या जन्माची साक्ष देत नाहीं, प्रयोजनाची देते. धिप्पाड पहिलवानापुढें उभ्या राहणाऱ्या तरुणानें मुदत मागितली ती वजन वाढविण्यासाठीं नव्हे. त्यानें खांब धरला. देवधरांचा मोठेपणा यानें उणा होत नाहीं. जुन्या स्तंभश्रमास त्यांनीं नवें तेज दिलें, शिष्य तयार केले, आणि इ. स. १८१८ त पेशवाई बुडाल्यावर कोंडभट गोडबोल्यांसारख्या शिष्यांसह ही विद्या काशीस नेली, असें परंपरा सांगते. जनकत्वाच्या बिरुदापेक्षां हें कार्य थोर आहे.

इ. स. १९८१ त मल्लखांबाचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ झाला आणि २०१९ त मुंबईस जागतिक स्पर्धा भरली. हें भूषणच आहे. परंतु गुण मोजण्याचा खेळ झाल्यावर मल्ल एकीकडे व खांब एकीकडे असें होऊं लागलें, आणि नांवांतला पूर्वपदार्थ विसरण्याची वेळ आली.

यास्तव संग्राहकांस एक विनंती. दप्तरें चाळतांना सनदा व पत्रें तेवढीं निवडून, तेढी, वेल, सुईदोरा, दसरंग अशा शब्दांच्या याद्या असलेलीं सुटीं पानें 'पहिलवानांचीं टिपणें' म्हणून बाजूस टाकूं नयेत. अशा एखाद्या पानावर मिति किंवा उस्तादाचें नांव मिळालें, तर सोमेश्वराचा स्तंभश्रम व देवधरांचा मल्लखांब यांमधील जवळजवळ सात शतकांवर पूल बांधतां येईल. तें पान कोणाच्या तरी रुमालांत बांधलेलें असण्याचा संभव आहे. वाळवीच्या आधीं आपला हात तेथें पोंचावा, इतकेंच.